जबाबदारी पाण्याच्या माठापासून सुरू होते



गेल्या पावसाळ्याआधी आमच्या आरोंद्याच्या वाडीवर एक बस आली. गोव्यातली एक कंपनी आणि एक मॅनेजमेंट कॉलेज यांचा संयुक्त उपक्रम होता. बॅनरवर मोठ्या अक्षरांत लिहिले होते, 'जबाबदार नेतृत्व'. विद्यार्थ्यांनी खाडीकाठचे प्लास्टिक वेचले, आमच्या म्हाताऱ्यांशी गप्पा मारल्या, फोटो काढले. पोरे चांगली होती, हे आधीच सांगतो. जेवताना आमच्यातल्या एकाने सोबतच्या अधिकाऱ्याला विचारले, "साहेब, तुमच्या कंपनीत आमच्या समाजाचे मॅनेजर किती?"

साहेब हसले. "आमच्याकडे जातपात बघत नाहीत."

पाहुणे होते, म्हणून आम्ही गप्प बसलो. पण तेरेखोलचा पूल ओलांडून किरणपाणीमार्गे रोज गोव्यात कामाला जाणारे आमचे चौघे तिथेच वाढत होते. चौघेही ठेकेदाराच्या हजेरीपटावर. त्यातला एक बी.कॉम. आहे. एका कंपनीत स्टोअरच्या कारकुनाच्या जागेसाठी तो मुलाखतीला गेला होता. पहिला प्रश्न, गाव कुठला? दुसरा, वाडी कुठली? कोकणात वाडी विचारली की जात वेगळी विचारावी लागत नाही. कारकुनाची जागा 'भरली' होती. साफसफाईची मात्र रिकामी होती.

'जागतिक पातळीवर जबाबदार नेते घडवू' ही भाषा आजची नाही. 2004 मध्ये युरोपातली व्यवस्थापन-शिक्षणाची संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचे ग्लोबल कॉम्पॅक्ट यांच्या पुढाकाराने कंपन्या आणि बिझनेस स्कूल याच कामासाठी एकत्र आले. 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी व्यवस्थापन शिक्षणासाठी सहा तत्त्वेही मांडली. आमचा याला विरोध नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे, की हे नेते जबाबदार कोणाला?

कॉमर्स शिकवणाऱ्या वर्गात आमचा माणूस शंभर वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. कोलंबियात शिकून आलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत शेअर व्यवहारांवर सल्ला देणारी कंपनी काढली. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच ग्राहक यायचे थांबले. नोव्हेंबर 1918 मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. मुंबईच्या व्यापार-उद्योगाला शिकलेली माणसे देणारे हे कॉलेज. वर्गात विद्यार्थी मन लावून ऐकत, पण प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातले पाणी त्यांनी प्यायला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. उद्या पेढ्या आणि कंपन्या चालवणारी पिढी जिथे घडत होती, तिथे माठाचा धडा असा शिकवला जात होता.

गिरण्यांतही तेच. धाग्याला तोंड लागते म्हणून अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत. त्या खात्यात मजुरी जास्त होती. 1938 मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ते या अनुभवातून.

आज माठ गेला, कूलर आला. आकडे काय सांगतात? 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देशातल्या 1,000 मोठ्या कंपन्यांचे 9,052 संचालक तपासले. सुमारे 93 टक्के उच्च जातींचे. अनुसूचित जाती-जमाती मिळून साडेतीन टक्के. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना पाठवले. 2007 मध्ये निष्कर्ष छापून आले. दलित आडनावाला मुलाखतीचे बोलावणे कमी आले. आमच्या पोराला वाडी विचारली, त्या अर्जांचे आडनाव वाचले. फरक तेवढाच.

कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. खाडीकाठची सफाई त्यात बसते. पण उरलेले 98 टक्के कमावताना कोणाला कारकून केले आणि कोणाच्या हाती झाडू दिला, याचा हिशेब त्या अहवालात येत नाही. जबाबदारीचे खरे पुस्तक तेच आहे.

यासाठी नवा अभ्यासक्रम शोधायला नको. दक्षिण आशियात गुंतवणूक करणाऱ्या कंपन्यांसाठी आंतरराष्ट्रीय दलित एकजूट नेटवर्कने 'आंबेडकर प्रिन्सिपल्स' तयार केली आहेत. भरतीत आणि बढतीत जातीभेद होतो का, हे कंपनीने स्वतः तपासावे, असा त्यांचा रोख आहे. ती किती मॅनेजमेंट कॉलेजांत शिकवतात?

मित्रांनो, तुमच्या वाडीवर अशी बस आली तर तिला परत पाठवू नका. चहा पाजा, खाडी दाखवा. मग तीन प्रश्न विचारा. तुमच्या कायम कामगारांत आणि मॅनेजरांत आमचे किती? ठेकेदाराच्या माणसांत किती? आणि हे आकडे तुम्ही जाहीर कराल का? प्रश्न विद्यार्थ्यांसमोर विचारा, कारण उद्या त्यांनाच मुलाखती घ्यायच्या आहेत.

आम्ही त्या दिवशी पाहुणचारापायी गप्प बसलो. ती चूक होती. यंदा बस येईल, तेव्हा आमचा बी.कॉम. झालेला पोरगाच त्यांना वाडी दाखवायला पुढे असेल.