पावसाळ्यातली नावं

रणजी संपली की आमच्या लोहाऱ्यात तो विषय संपतो. माझा तेव्हा सुरू होतो. कपाशीत डवरणी चाललेली असते आणि मी धुऱ्यावर बसून विदर्भाच्या १९ आणि २३ वर्षांखालच्या पोरांचे जुने स्कोअरकार्ड चाळतो. यंदा वर कोण येणार?

२०२४-२५ मध्ये हर्ष दुबेनं ६९ बळी घेतले, रणजीच्या एका मोसमातला विक्रम. दानिश मालेवारनं केरळविरुद्ध फायनलला १५३ काढल्या.

मीही एकदा नागपूरला ट्रायलला गेलो होतो. सहा चेंडू टाकले. यादीत नाव आलं नाही. बसभाडं बाबांनी दिलं होतं. त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

काल चहा पिताना तेच म्हणाले, "यंदा नवीन पोरगा कोणता रे?"