साखरेच्या गावात वजन वाढवताना

गळीत हंगामात आपण पुरुषोत्तमनगरला निघालात, तर वसाहत दिसण्याआधीच मळीचा वास आपल्याला गाठतो. शहादा तालुक्यातील ही वस्ती पी. के. अण्णा पाटील यांनी उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याभोवतीची. मधुमेहाने रोडावलेल्या पाहुण्याला येथे कोणीतरी प्रेमाने सांगणारच, ‘थोडा गूळ खा, अंगाला लागेल!’

तो अंगाला लागत नाही, हेच तर दुखणे आहे. इन्शुलिन अपुरे पडले की रक्तातील साखर पेशींत न शिरता लघवीवाटे वाहून जाते आणि शरीर स्वतःचीच चरबी व स्नायू जाळू लागते. म्हणून वजन आपोआप उतरत असेल, तर आहार वाढवण्याआधी डॉक्टरांना भेटून एचबीएवनसी तपासून घ्यावे. कदाचित औषधच बदलावे लागेल.

साखर आटोक्यात आली की खानदेशचेच ताट कामी येते. ज्वारी आणि सालीसकट उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी, तिच्यावर शेंगदाण्याचे तेल, बाजूला ठेचा (नंदुरबारची मिरची मात्र बेतानेच!). 100 ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 25 ग्रॅम प्रथिने व साडेपाचशेहून अधिक कॅलरी असतात. मधल्या वेळी मूठभर पुरेत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिने विचारूनच वाढवावीत. जोडीला थोडा भार उचलण्याचा व्यायाम हवा, नाहीतर आलेले वजन पोटावरच बसते.

परतताना रसवंतीवर उसाच्या रसाचा पेला पुढे येईल. तो हसून नाकारावा आणि खिशातली शेंगदाण्यांची पुडी सोडावी.