कात्री आणि गाठ

आमच्या लहानपणी घरोघरी 'गंजीफ्रॉक' हा शब्द सर्रास कानी पडे. पुरुषमाणसांनी सदऱ्याच्या आत घालायचे ते वस्त्र. हा शब्द आला कुठून, याची चौकशी तेव्हा कोणी केली नाही. पुढे केव्हातरी वाचनात आले की, इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या समुद्रात गर्न्झी नावाचे एक लहानसे बेट आहे. तिथले मच्छीमार आणि खलाशी लोकरीचा घट्ट विणलेला अंगरखा घालून समुद्रावर जात. त्या अंगरख्याचे नाव 'गर्न्झी फ्रॉक'. जहाजांबरोबर हा शब्द आपल्या किनाऱ्याला लागला आणि आपल्या जिभेने त्याचा गंजीफ्रॉक करून टाकला. गर्न्झीच्या शेजारचे बेट जर्सी. त्याचे नाव आपण फुटबॉलपटूच्या अंगावरही चढवले आणि गोठ्यातल्या गायीलाही दिले. आज ज्या कापडाचा टी-शर्ट होतो, त्यालाही व्यापारात जर्सी असेच म्हणतात.

टी-शर्टाचे मूळही खलाशांपाशीच सापडते. १९१३ साली अमेरिकन नौदलाने आपल्या नाविकांना गणवेशाच्या आत घालण्यासाठी अर्ध्या बाह्यांचा, बिनकॉलरचा सुती अंगरखा दिला. पसरून ठेवला की तो इंग्रजी 'टी' अक्षरासारखा दिसे. दुसऱ्या महायुद्धानंतर घरी परतलेले सैनिक तो उघडपणे वापरू लागले. १९५१ साली मार्लन ब्रँडो पडद्यावर तो घालून आला, तेव्हा आतले वस्त्र बाहेर आले ते कायमचे.

आता तर आमच्या वसईत टी-शर्टावाचून घर नाही. धर्मग्रामाच्या क्रीडास्पर्धा झाल्या, टी-शर्ट. युवकांचा मेळावा भरला, टी-शर्ट. यात्रेला बस निघाली, सर्वांना एका रंगाचे टी-शर्ट. छातीवर बोधचिन्ह, पाठीवर साल. कार्यक्रम एका दिवसाचा असतो. टी-शर्ट मात्र पुढची दहा वर्षे कपाटात मुक्काम ठोकून बसतो. फाटत नाही म्हणून टाकवत नाही आणि आवडत नाही म्हणून घालवत नाही.

जुने कापड टाकून देण्याची रीत आपल्याकडे कधीच नव्हती. आजीचे लुगडे विरले की त्याची गोधडी होई. धोतराच्या मऊ तुकड्यांतून बाळाची दुपटी आणि झबली निघत. बाप्तिस्म्याचा पांढरा झगा एका बाळानंतर दुसऱ्याला आणि भावाकडून बहिणीच्या घरी, असा फिरत राही. उरल्यासुरल्यावर बोहारीण स्टीलचे एखादे पातेले देऊन जाई. टी-शर्टाशी मात्र ही सारी वाट अडते. कापड ताणले जाते, म्हणून गोधडीच्या थरात ते सरळ बसत नाही. टाके घालताना सुरकुत्या पडतात. बोहारणीपुढे ठेवावा तर आमच्या दारची बोहारीण तो उलटसुलट करून पुन्हा आमच्याच बाजूला सरकवते. शेवटी त्याच्या नशिबी फरशी पुसणे येते.

एवढ्या स्वस्तात मिळणारी वस्तू फरशी पुसायला गेली तर काय बिघडले, असे कोणी विचारील. पण ही स्वस्ताई वरवरची आहे. कापसाच्या शेतापासून हिशेब धरला, तर एका सुती टी-शर्टामागे सुमारे २७०० लिटर पाणी खर्ची पडते, असा अंदाज दिला जातो. तमिळनाडूतील तिरुप्पूर हे विणीच्या सुती कपड्यांचे आपल्या देशातील मोठे केंद्र. तिथल्या रंगाईच्या सांडपाण्याने नोय्यल नदी इतकी नासली की, २०११ साली मद्रास उच्च न्यायालयाने तिथले रंगाईचे कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. आमच्या एका दिवसाच्या हौसेची किंमत कुठल्या तरी नदीने भरलेली असते.

हे सारे विचार आमच्या मनात घोळू लागले ते आमच्या पुतणीमुळे. ती शिक्षणासाठी वसतिगृहात राहते. गेल्या सुट्टीत घरी आली तेव्हा तिच्या अंगात एक सुंदर टॉप होता. गळा रुंद, बाह्या नाहीत, दोन्ही कुशींना गाठींची रांग आणि गाठींखाली झालरीसारखी लोंबणारी टोके. कुठून आणलास, असे विचारताच ती हसली. "काका, हा तुमच्या स्पर्धेचाच टी-शर्ट आहे," असे म्हणून तिने पाठ फिरवली. पाठीवर आमच्या धर्मग्रामाचे नाव होते!

आम्ही चकित झालो, कारण या मुलीला सुईत दोरा ओवता येत नाही. आजीचे पायमशीन आमच्या ओट्यावर आता कुंड्या ठेवण्यापुरते उरले आहे. मग हे शिवले कोणी? "शिवलेच नाही," ती म्हणाली. "कात्रीने कापले आणि गाठी मारल्या."

यामागचे इंगित कापडाच्या घडणीत आहे. साडीचे, धोतराचे किंवा सदऱ्याचे कापड मागावर होते. उभ्या ताण्यातून आडवा बाणा जातो. ते कापले की कडेचे धागे मोकळे होतात, दशा सुटतात. म्हणून कड दुमडून टाके घालावेच लागतात. टी-शर्टाचे कापड आपल्या स्वेटरसारखे विणीचे असते. फाशातून फासा ओढलेला, एकाने दुसऱ्याला धरलेले. ते कापले तरी दशा सुटत नाहीत. कड जरा ओढली की आपणहून गुंडाळी होऊन बसते आणि ती गुंडाळीच शिवणीची जागा घेते. हातांच्या या विणकामाला यंत्रावर आणले विल्यम ली नावाच्या इंग्रजाने, १५८९ साली. तो धर्मोपदेशक होता, असे परंपरा सांगते. हाताने विणणाऱ्या गरिबांच्या पोटावर पाय येईल म्हणून पहिल्या एलिझाबेथ राणीने त्याला यंत्राचा हक्क नाकारला. बिचारा फ्रान्सला गेला आणि तिथेच वारला. त्याच्या यंत्राची वंशावळ मात्र तिरुप्पूरपर्यंत येऊन पोहोचली आहे.

पुतणीने आम्हांला ओट्यावर बसवून सारा विधी दाखवला. आमच्या भगिनींना उपयोगी पडेल म्हणून तो इथे देतो. टी-शर्ट धुऊन, इस्त्री करून सपाट पसरावा. छापील चित्रावर इस्त्री थेट फिरवू नये, रंग वितळतो. मग खांद्याला खांदा जुळवून उभी घडी घालावी, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या कापल्या जातात. खडूने खूण करावी. कात्री कापडाचीच हवी; कागद कापून बोथट झालेली चालत नाही. गळ्याची जाड पट्टी आधी काढावी. इथे एक सावधगिरी आहे. मनात जेवढा गळा असेल त्याहून लहान कापावा, कारण हे कापड ओढीने पसरते. कमी कापलेले पुन्हा कापता येते, जास्त कापलेले परत येत नाही. बाह्या नको असतील तर शिवणीला लागून आतल्या अंगाने उतरवाव्यात.

मोठ्या मापाचा टी-शर्ट अंगाबरोबर आणायचा तर दोन्ही कुशी उभ्या कापून पुढचा आणि मागचा भाग वेगळा करावा. मग कडेपासून आत, बोटभर रुंदीच्या आणि तीन बोटे लांबीच्या पट्ट्या पाडाव्यात. पुढची पट्टी तिच्यासमोरच्या मागच्या पट्टीशी दुहेरी गाठीने बांधत खाली यावे. दोन गाठींमध्ये फट राहते. ती बुजवायला एका गाठीचे एक टोक शेजारच्या गाठीच्या टोकाशी पुन्हा बांधावे. पाठीला नक्षी हवी असेल तर मधोमध एकाखाली एक आडव्या चिरा द्याव्यात. वरच्या पट्टीचा फासा करून त्यातून दुसरी पट्टी ओढावी, दुसरीच्या फाशातून तिसरी, अशी वेणी उतरत जाते. सर्वांत शेवटचा फासा मात्र चिंधीने घट्ट बांधावाच लागतो. तो सुटला तर सारी वेणी वरपर्यंत उलगडते. हे पाहताना आमच्या ध्यानात आले की, यंत्राने जे नजरेला न दिसणाऱ्या बारीक फाशांत केले होते, तेच ही मुलगी बोटांनी मोठे करून पुन्हा करीत होती.

इथवर सारे कौतुकाचे होते. पण एके संध्याकाळी तिने आईला विचारले, "पप्पांच्या पेटीतले टी-शर्ट मी घेऊ का?" आणि घरात शांतता पसरली.

आमचे थोरले बंधू २७ वर्षे मालवाहू जहाजांवर होते. बंदरोबंदरी त्यांनी टी-शर्ट घेतले होते. सुट्टीवर आले की घरी, बावखलावर, बाजारात, सगळीकडे त्यांच्या अंगात तेच. २०१७ च्या पावसाळ्यात ते गेले. वहिनींनी त्यांचे शर्ट-पँट गरजूंना देऊन टाकले, पण टी-शर्ट पत्र्याच्या पेटीत डांबराच्या गोळ्या घालून ठेवले. दरवर्षी नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणदिनी कबरीवर फुले वाहून आल्यावर, त्या पेटी उघडीत. कपडे उन्हात घालीत आणि संध्याकाळी पुन्हा घडी करून ठेवीत. "त्यांच्या कपड्यांना कात्री लावायची?" एवढेच त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

पुतणी आमच्याकडे पाहू लागली. दोघींनाही आम्ही काय सांगणार होतो? मायलेकी दोघींच्या बाजूने काहीतरी होते. क्रुसाखालच्या सैनिकांची आम्हांला आठवण झाली. इतर वस्त्रे वाटून घेणारे ते कठोर हात, येशूचा वरपासून खालपर्यंत अखंड विणलेला, शिवण नसलेला अंगरखा फाडायला धजले नाहीत. त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. सैनिकांनाही जिथे फाडवले नाही, तिथे पत्नीच्या जिवाला कात्री कशी सोसावी? आणि त्याच वेळी संत मार्टिनही डोळ्यांपुढे आला. चौथ्या शतकात फ्रान्समधल्या आमियाँ नगराच्या वेशीवर थंडीने कुडकुडणाऱ्या भिकाऱ्यासाठी त्याने तलवारीने आपला झगा मधोमध कापला. अर्धा झगा दोघांच्या अंगावर गेला आणि म्हणूनच तो आजपर्यंत लोकांच्या स्मरणात राहिला. न कापण्यातही प्रेम असते आणि कापण्यातही. कोणते कापड कुठल्या वाटेचे, हे ज्याचे त्यानेच ठरवायचे असते. आम्ही पुतणीला म्हणालो, "आईला घाई करू नकोस."

तिने घाई केली नाही. पुढच्या नोव्हेंबरात वहिनींनी नेहमीप्रमाणे पेटी उघडली, तेव्हा दोन टी-शर्टांना कसर लागलेली दिसली. खांद्यावर आणि पोटाशी बारीक भोके. वहिनी बराच वेळ ते हातात धरून ओट्यावर बसल्या होत्या. आम्ही जवळ गेलो तेव्हा त्या स्वतःशीच बोलावे तसे म्हणाल्या, "भावजी, मी जपून ठेवले आणि कसरीने खाल्ले. पोरगी तरी अंगाला लावील." नाताळच्या सुट्टीत पुतणी आली, तेव्हा तो गडद निळा टी-शर्ट त्यांनीच तिच्यापुढे ठेवला आणि कपडे बेतायची आजीची जुनी कात्रीही काढून दिली.

बंधूंचा देह भरदार, मुलगी काडीसारखी. कुशींमधून बरेच कापड निघाले. भोके गळ्याच्या आणि कुशीच्या कापात आपोआप गेली. छातीवरचे पुसट झालेले बंदराचे नाव तिने तसेच राखले. एका कुशीच्या गाठी तिने स्वतः मारल्या, पण अंगात घालून पाहताना दुसऱ्या कुशीपर्यंत हात नीट पोहोचेना. वहिनी उठल्या आणि एकेक गाठ ओढून घट्ट करू लागल्या. मध्येच त्यांनी विचारले, "इथे जास्त आवळते का गं?" मुलगी नाही म्हणाली. त्या दोघी आणखी काही बोलल्या नाहीत. कापलेल्या तुकड्यांच्या लांब पट्ट्या ओढून पुतणीने त्यांची दोरी केली. त्या दोरीने आता वहिनींची प्रार्थनेची वही बांधलेली असते.

पेटीतले आणखी चार टी-शर्ट त्यानंतर बाहेर आले. एक मात्र वहिनींनी ठेवून घेतला. शेवटच्या आजारपणात बंधूंच्या अंगात असे तो, पांढरा, साधा, काहीही न छापलेला. त्याच्याविषयी मुलीने विचारले नाही आणि आम्हीही विचारणार नाही.

वाचकहो, आपल्याही कपाटात स्पर्धांचे, यात्रांचे आणि माणसांचे टी-शर्ट असतील. पहिल्या दोन प्रकारांना कात्री लावायला विचार करू नका. सुई येत नाही ही सबब आता उरलेली नाही. तिसऱ्या प्रकारासाठी मात्र थांबा. घरातल्या ज्या माणसाचा त्या कापडावर जास्त हक्क आहे, त्याच्या हातून ते पुढे येऊ द्या. आणि ते आले की, शेवटची गाठ त्यालाच मारू द्या.