तेरा फुटांची पट्टी

18 नोव्हेंबर, तिरोडी

थंडी पडली. पहाटे आई वॉकर घेऊन न्हाणीकडे निघाल्या की तळवे उचलून उचलून टाकतात. घरात चप्पल घालायची नाही, हा त्यांचा जन्मभराचा नेम, आणि पंच्याऐंशीव्या वर्षी तो मोडायला मी सांगणार नाही. आज म्हणाल्या, "पायाले लई गार लागते वो. बोळीत एखादी पट्टी टाक ना."

दुपारी शाळेतून आल्यावर टेप घेऊन बसले. बोळ 4 फूट रुंद, म्हणजे 2 फुटी टाइलच्या दोन ओळी. लांबी आईंच्या उंबरठ्यापासून शेवटच्या भिंतीपर्यंत 17 फूट. त्या भिंतीलगत बाजूला न्हाणीचं दार, तेही बाहेर बोळीत उघडणारं.

"काहून एवढं मोजून राह्यली?" आई खाटेवरून विचारत होत्या.

"तुमच्या पायाखाली जाणार आहे, आई. नीट मोजायलाच हवं."

21 नोव्हेंबर

दुकानात तयार रनर ठरलेल्या मापाचे असतात: 2 बाय 6, अडीच बाय 8, अडीच बाय 10. घरसजावटीचा नेहमीचा हिशेब असा की दोन्ही बाजूंना चार ते सहा इंच फरशी मोकळी दिसावी. बोळ फार रुंद असेल तर जास्त सोडली तरी चालते. तयार मापांत सगळ्यांत रुंद तीच, म्हणून 4 फुटी बोळीला कुणीही अडीच फुटी पट्टीच सुचवील. डोळ्यांना ती छानच दिसेल.

पण या घरात पट्टीवरून चालणार आहे वॉकर. त्याच्या मागच्या दोन पायांमधलं अंतर बाहेरून मोजलं, 23 इंच भरलं. 2 फुटी पट्टीवर दोन्हीकडे मिळून एक इंच उरतो. अडीच फुटीवर एकेका बाजूला साडेतीन इंच. आई सरळ रेषेत चालत नाहीत. डावा गुडघा दुखला की उजवीकडे कलतात. वॉकरचा एक पाय काठावर आणि एक फरशीवर पडला तर काठ गोळा होणार, आणि मग जे होईल ते मला लिहायचंसुद्धा नाही. पट्टी 3 फुटांचीच हवी.

22 नोव्हेंबर

फिजिओथेरपीच्या ताईंना फोन केला. त्यांनी साफ सांगितलं, म्हाताऱ्या माणसाच्या वाटेत सैल काही अंथरू नका. त्यांचं बरोबर आहे. गालिच्याच्या दुमडलेल्या कोपऱ्याला अडखळून खुब्याचं हाड मोडतं, हे त्या रोज पाहतात. पण गार फरशीवर पाय आखडून टाकलेलं पाऊलही सुरक्षित नाही, आणि नुसते मोजे घातले तर टाइलवर आणखीच घसरतं. मग त्यांनीच अटी सांगितल्या. लव असलेला जाड गालिचा नको, त्यात वॉकरचे पाय रुततात. सपाट विणीची दरी घ्या. कडा चारही बाजूंनी दुहेरी टेपने फरशीला चिकटवा. आणि वळायच्या जागी पट्टीचा काठ येऊ देऊ नका.

ही शेवटची अट मी किती वेळ बोळीत उभी राहून समजून घेतली! आई न्हाणीपाशी वॉकर उचलून फिरवतात, तिथे खाली एकच पातळी हवी. तिथवर पट्टी नेली तर न्हाणीच्या दाराखाली फट नाही, दार अडेल, शिवाय ओल्या पायांनी ती कायम भिजलेली राहील. म्हणून शेवटचे 3 फूट मोकळे. उंबरठ्यापाशीही वॉकर उचलावा लागतो, तिथे 1 फूट मोकळा. 17 मधून 4 गेले, राहिले 13.

30 नोव्हेंबर

रंगावरून चर्चा. मुलीला काळ्या पट्ट्यांची नक्षी हवी होती. मी नाही म्हटलं. अधू डोळ्यांना गडद पट्टा खड्ड्यासारखा भासतो आणि पाऊल थबकतं. फरशी फिकट आहे, तेव्हा सबंध विटकरी रंगाची, म्हणजे काठ कुठे संपतो ते आईंना दिसेल.

पांढरी तर इथे नकोच. मामंजी इथल्या मॅंगनीजच्या खाणीत लागले तेव्हा ती इंग्रजांच्या सीपीएमओ कंपनीची होती, 1962 मध्ये मॉयल झाली. कंपनीचं नाव बदललं, मॅंगनीजची काळी धूळ तीच राहिली. अजूनही कितीही पुसलं तरी संध्याकाळी तळवे काळे होतात. म्हणजे पट्टी वरचेवर धुवावी लागणार. 3 बाय 13 ची सुती दरी भिजली की एकटीला उचलवत नाही. मुलगी म्हणाली, दोन तुकडे कर. धुवायला सोपं, खरंच. पण दोन तुकड्यांचा सांधा नेमका वाटेच्या मध्ये येईल. नको. गच्चीवर पसरून ब्रशने धुऊ, कठड्यावर दोघी मिळून टाकू.

6 डिसेंबर

तेरा फुटी तयार मिळाली नाही. वाराशिवनीला गेले. तिथल्या हातमागाला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते साड्या आणि कापडासाठी. एका विणकरदादांनी दरीवाल्याचा पत्ता दिला. दरीवाल्या दादांकडे बसून पंजा ठोकताना पाहिला. लोखंडी दातांनी बाणा असा घट्ट बसवतात की ताणा दिसेनासा होतो, म्हणून ही दरी दोन्ही बाजूंनी वापरता येते. रुंदी मागावर अवलंबून, लांबी हवी तेवढी. ताणा लांब लावला की झालं. दुकानात जे माप मिळत नाही, ते मागावर अवघड नसतं.

आमच्या शाळेतली टाटपट्टी आठवली. हातभरही रुंद नाही, पण पोरांची अख्खी रांग तिच्यावर मावते. मांडी घालून बसणाऱ्याला तेवढी पुरते. तिच्यावरून वॉकर नेता येणार नाही.

दादा म्हणाले, "ताई, सूत पहिल्या धुण्यात आटते. लांबीत जास्त." मग ठरलं, साडेतेरा फूट विणायची, तिथेच एकदा धुवायची, वाळल्यावर 13 भरली की दोन्ही टोकं शिवून बंद करायची. झालर नाही. झालरीत वॉकरचा पाय अडकतो.

7 डिसेंबर

पट्टी यायला वेळ आहे. तोवर बोळीत खडूने तिचा चौकोन आखला आणि आईंना त्यातून चालायला सांगितलं. जाताना नीट गेल्या. येताना वॉकरचा उजवा पाय रेघेवर आला, पण बाहेर गेला नाही. पट्टी भिंतींच्या बरोबर मध्ये न टाकता येतानाच्या उजवीकडे दोन इंच सरकवायची, असं ठरवलं. डावीकडे 8 इंच, उजवीकडे 4. बघणाऱ्याला वाकडी वाटेल. वाटू दे. दादांना फोन करून सांगितलं, माप तेच ठेवा.