तिळगुळाआधी मीठ

आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू म्हणजे मॅसॅच्युसेट्सची ऐन थंडी. त्या दिवशी ड्राइव्हवेवरचा बर्फ मी काढला, पण पायऱ्यांवर मीठ टाकायचं राहिलं. वाण घेऊन निघालेल्या काकू, माझ्या मित्राच्या आई, घसरून पडल्या. मनगट मोडलं.

"अरे, माझंच लक्ष नव्हतं," काकू म्हणत राहिल्या. मित्रही बिलाबद्दल अवाक्षर काढेना. भारतातून चार महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांचं इथलं एक फ्रॅक्चर किती महाग पडतं, हे आपण सगळेच जाणतो.

शेवटी मी घराची पॉलिसी काढून वाचली, कायदाही पाहिला. पूर्वी या राज्यात आपसूक साचलेल्या बर्फावरून कुणी घसरलं, तर मालक सहसा सुटत असे. २०१० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, टार्गेटच्या दुकानाबाहेर पडलेल्या ग्राहकाच्या खटल्यात, तो नियमच रद्द केला. आता वाजवी काळजी घेणं हे मालकाचं कर्तव्य. दुकान असो वा घर. शिवाय बहुतेक पॉलिसींत पाहुण्यांच्या उपचारांसाठी थोडी रक्कम असते. त्यासाठी चूक कुणाची, हे सिद्ध करावं लागत नाही. घरात राहणाऱ्यांना मात्र ती मिळत नाही.

मी मित्राला म्हटलं, "क्लेम कर."

"तुझ्यावर? वेडा आहेस का?"

"अरे, हप्ते कशासाठी भरतोय मी?"

दोन दिवसांनी तो तयार झाला. मैत्री शाबूत राहिली.

आता आमच्या हळदीकुंकवाच्या यादीत तिळगुळाच्या आधी मिठाची पिशवी असते.