डिकीतला दिवाण

शुक्रवारी संध्याकाळी सहाला ठरवायचं, आठला निघायचं आणि रात्री एकला हॉटेलच्या काउंटरवर ‘रूम नाहीये सर’ ऐकायचं. वीकएण्डच्या भटकंतीतला हा सीन ओळखीचा आहे ना? बरं, रूम मिळालीच तर ती असते हायवेवरच्या गावात आणि ज्या पहाटेसाठी एवढं ड्रायव्हिंग केलं, ती पहाट उगवते तिथून तीस किलोमीटर लांब. अलार्म वाजतो, आपण तो बंद करतो, आणि नाश्त्याला इडली खाऊन परत येतो. झाली ट्रिप!

अशा वेळी पार्किंगमध्ये उभी असलेली आपलीच एसयूव्ही आठवते. हप्ते चालू असलेली, सोम ते शुक्र ट्रॅफिकमध्ये फर्स्ट-सेकंडच्या वर न जाणारी. हिच्यातच झोपलं तर? शोरूममध्ये तर सांगितलं होतं की मागची सीट पाडली की सगळं सपाट होतं. एकदा झोपून बघाच. कमरेखाली पायरी, पाठीत सीटबेल्टचं बकल, आणि पुढच्या सीटमागे एवढा खड्डा की उशी त्यात गडप. दुसऱ्या दिवशी कळसूबाई चढायची सोडा, गाडीतून उतरतानाच ‘आई गं’ निघतं.

यावरचा इलाज म्हणजे प्लायचा घडीचा प्लॅटफॉर्म. परदेशातल्या व्हॅनवाल्यांचे चकाचक व्हिडिओ बघून हे काहीतरी इम्पोर्टेड फॅड वाटतं खरं. पण गाडीत झोपणं आपल्याला नवीन नाही. वस्तीची एसटी आठवते? रात्री शेवटच्या गावात मुक्काम, ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच आडवे, आणि पहाटे पहिली फेरी. ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या मागे झोपायची फळी असते. आणि घडीचं म्हणाल, तर दीड खोलीच्या संसारात दिवसा सोफा आणि रात्री बेड करण्यात मुंबईकराचा हात कोण धरणार? सगळ्यात भारी डिझाइन तर रेल्वेचं. स्लीपर डब्यातला मिडल बर्थ दिवसा पाठ टेकायची जागा, रात्री साखळी लावली की पलंग. डिकीत आपल्याला नेमकं हेच करायचंय.

घडीचाच का, हा प्रश्न महत्त्वाचा. कायमचा बेड बसवणं सोपं असतं आणि तो मजबूतही होतो. पण आपल्याकडे गाडी एकट्याची नसते. शनिवारी ती तुमची, सोमवारी बाबांना डॉक्टरकडे न्यायची, गुरुवारी आई आणि मावशीला दत्ताच्या देवळात सोडायची. सोमवारी सकाळी गाडी पाच सीटची दिसली नाही, तर पुढच्या शुक्रवारी किल्ली मिळणार नाही, हे लिहून ठेवा. पहिल्या स्क्रूपासून शेवटच्या पट्ट्यापर्यंत एकच अट लक्षात ठेवायची : पाना-पेचकस न घेता दहा मिनिटांत सगळं बाहेर निघालं पाहिजे.

आता कामाचं बोलू. प्लाय आणायला धावू नका. आधी पुठ्ठा मिळवा. सोसायटीत कुणाकडे नवा फ्रीज आला असेल तर त्याचा खोका सोडू नका. मागची सीट पाडा, पुढच्या सीट पुढे सरकवा आणि पुठ्ठा कापून गाडीत बसवून बघा. दोन गोष्टी लगेच कळतात. पहिली म्हणजे चाकांवरचे फुगवटे. त्यांच्यामधली जागा अरुंद असते, पण फळी फुगवट्यांच्या वर उचलली की गाडीची पूर्ण रुंदी मिळते. एकट्याची झोप की दोघांची, हे या चार इंचांवर ठरतं. दुसरी म्हणजे डिकीचं तोंड. आतल्या रुंदीपेक्षा ते लहान असतं. मापात बनवलेली फळी दारातच अडकली तर मिस्त्री आयुष्यभर तो किस्सा सांगत फिरेल.

उंचीचं गणित थोडं नाजूक आहे. फळी वर नेली की खाली सॅक, स्टोव्ह, पाण्याचा कॅन मावतो, पण वर डोकं छताला लागतं. साधारण आठ ते दहा इंचांत बहुतेक गाड्यांत दोन्हीचा मेळ बसतो. फळीवर बसून चहा पिता आला नाही तरी चालेल, पण कूस बदलताना खांदा छताला घासायला नको.

पुण्यात असाल तर प्लायसाठी भवानी पेठेतलं टिंबर मार्केट आणि बिजागऱ्यांसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी. मुंबईकरांना लोहार चाळीचा रस्ता सांगायला नको. प्लायची शीट आठ बाय चार फुटांची येते. १८ मिलिमीटरची पूर्ण शीट साधारण ३५ किलो भरते, १२ ची २३ च्या आसपास. माझं मत १२ च्या बाजूने, खालून फूटभर अंतरावर लाकडी रिपा मारून. वजन कमी, ताकद तेवढीच. दुकानदार ‘मरीन घ्या’ म्हणेल. आयएस ७१० च्या मरीन प्लायची इथे गरज नाही, आयएस ३०३ मधला बीडब्ल्यूआर ग्रेड पुरतो. साधा एमआर ग्रेड मात्र टाळा, कारण पावसाळ्यात ओले बूट, ओले टॉवेल आणि आपण, सगळे याच फळीवर असतो.

घडीचा फंडा असा. सहा फुटांची लांबी दोन-दोन फुटांच्या तीन तुकड्यांत वाटायची. मागचा तुकडा डिकीतल्या एका बैठ्या खोक्यावर पक्का. दुसरा पहिल्याला आणि तिसरा दुसऱ्याला पियानो बिजागरीने जोडायचा. ही बिजागरी पेटीच्या झाकणाला असते तशी, लांबलचक पट्टीची. पहिल्या जोडाची बिजागरी वरच्या अंगाला, दुसऱ्याची खालच्या अंगाला. मग तिन्ही तुकडे साडीच्या निऱ्यांसारखे एकावर एक बसतात. दिवसा सगळी घडी डिकीत आणि मागची सीट माणसांना मोकळी. रात्री सीट पाडायची, घडी उलगडायची. मधला तुकडा पाडलेल्या सीटवर टेकतो, तिसरा पुढच्या सीटमागच्या त्या बदनाम खड्ड्यावर जातो आणि खाली दोन सुटे पाय खाचेत बसवायचे.

इथे एक मेख आहे. बिजागरी वळायला असते, वजन पेलायला नाही. वरून बिजागरी असलेला जोड वजन पडलं की खालून उघडतो, म्हणून त्याच्याखाली खोक्यातून चार इंच पुढे आलेली आडवी रीप हवीच. नाहीतर रात्री दोनला फळीबरोबर तुमचीही घडी! सुट्या पायांना खाली रबर लावा, सगळ्या कडा गोल करून पॉलिश पेपर मारा, आणि जिथे लाकूड लाकडावर बसतं तिथे फेल्टची पट्टी चिकटवा. ती पट्टी विसरलात तर खड्ड्यांच्या रस्त्यावर मागे लेझीम चालल्यासारखं वाटेल.

गादीसाठी दोन-तीन इंचांचा फोम पुरे, पण डेन्सिटी विचारा. ३२ पेक्षा ४० ची टिकते. फोमही त्याच तीन मापांत कापून एकाच खोळीत शिवून घेतला की फळीसोबत दुमडतो. शेजारच्या टेलरकाकांना हे काम द्या, ते खूश होतात.

आणि मिस्त्री? तो आधी हसणार. ‘साहेब, गाडीत दिवाण टाकायचा?’ त्याला मिडल बर्थ म्हणा, लगेच ट्यूब पेटते. ज्याने वन बीएचकेत सोफा-कम-बेड केलेत, त्याला यातलं तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. फक्त एका बाबतीत त्याचं ऐकू नका. तो म्हणेल, ‘दोन बोल्ट पत्र्यात मारतो, हलणार नाही.’ मारू द्यायचे नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर बंधनं घालतं आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने उत्पादकाच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून फारकत घेणारे बदल चालणार नाहीत असं बजावलंय. सीट काढणं नको, बॉडीला भोक नको, वेल्डिंग तर नकोच. फळी म्हणजे सामान, आणि सामान बांधतात. डिकीत कंपनीनेच दिलेले हुक असतात, त्यांना ट्रकवाले वापरतात तसे रॅचेटचे पट्टे लावून फळी आवळायची. पंचवीस-तीस किलोचं लाकूड अर्जंट ब्रेक मारल्यावर जागेवर बसून राहत नाही. दिवसाची घडी मागच्या सीटच्या पाठीपेक्षा उंच जाता कामा नये. आणि चालत्या गाडीत मागे कुणी लोळायचं नाही, कितीही झोप येत असली तरी.

पहिल्या रात्रीसाठी भंडारदरा बेस्ट. मुंबईहून कसारा घाट, घोटीमार्गे किंवा पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर करत चार-पाच तासांत पोचता येतं. १९२६ मध्ये पूर्ण झालेलं विल्सन धरण, मागे प्रवरेचं अडवलेलं पाणी, एका अंगाला १६४६ मीटरची कळसूबाई आणि दुसरीकडे रतनगड. डिसेंबर-जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी पडते आणि गाडीत झोपायला तीच हवी. एप्रिल-मेमध्ये कोकणात समुद्रकाठी हा प्रयोग करायला जाल तर इडलीपात्रात झोपल्याचा अनुभव येईल.

पण गाडी आपली असली तरी जागा आपली नसते. आजूबाजूचा बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. मनाला येईल तिथे गाडी वळवून झोपू नका. वनखात्याच्या चौकीवर विचारा, किंवा सरळ शेंडी, रतनवाडी, साम्रदसारख्या गावात कुणाच्या अंगणात परवानगी मागा. ‘मावशी, रात्री गाडी इथे लावली तर चालेल का?’ एवढं विचारलं की बहुधा जेवणाचंही ठरून जातं. पिठलं-भाकरीचे आणि जागेचे पैसे न मागता द्यायचे. टॉयलेटचा प्रश्नही तिथेच सुटतो, आणि खरं सांगायचं तर गाडीत झोपायला बरोबरच्या मुली नाही म्हणतात ते फळीमुळे नाही, या प्रश्नामुळे. निर्जन तळ्याकाठचा फोटो मस्त येतो, पण रात्री एकला काचेवर टकटक झाली की कंदील लावलेलं अंगण किती बरं, हे कळतं.

मे संपता संपता, पाऊस पडायच्या आधी इथे काजवे येतात. त्या दिवसांत हेडलाइट, फ्लॅश, गाणी सगळं बंद. काजव्यांचं लुकलुकणं म्हणजे जोडीदाराला हाक असते. आपल्या एलईडीपुढे ती कुणाला दिसणार?

झोपताना गाडीचं तोंड अशा बाजूला ठेवा की डोकं पायांपेक्षा किंचित वर येईल. दोन्ही बाजूंच्या काचा बोटभर उघड्या, त्यावर चुंबकाने चिकटणारी मच्छरदाणी. थंडीतही काचा पूर्ण बंद केल्या तर आपल्याच श्वासाचं पाणी आतून ठिबकायला लागतं आणि सकाळी पांघरूण दमट. आडोशासाठी काळी फिल्म लावायच्या फंदात पडू नका, २०१२ मध्येच सुप्रीम कोर्टाने तिच्यावर टाच आणली. चकाकत्या बबल शीटचे काचेच्या मापाचे तुकडे कापा, रात्री लावा, निघताना काढा. दार रिमोटने नाही, आतल्या बटणाने लॉक करा, नाहीतर काही गाड्यांत तुम्ही कूस बदलली की अलार्म वाजतो आणि अख्खं गाव जागं. मागचं दार आतून उघडतं का, चाइल्ड लॉक काढलाय का, हे उजेड असतानाच बघा.

आणि एक गोष्ट गंमत बाजूला ठेवून. इंजिन चालू ठेवून, एसी किंवा हीटर लावून झोपायचं नाही. पाच मिनिटंसुद्धा नाही, कारण त्या पाच मिनिटांतच डोळा लागतो. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. गाढ झोपेतल्या माणसाला तो जाग येऊ देत नाही. बंद गाडीत स्टोव्ह, शेगडी, कोळसा यांचंही तेच. थंडी वाजली तर दुसरी गोधडी घ्या. उकडलं तर पॉवर बँकवरचा छोटा पंखा लावा. दोन्ही जमत नसेल तर त्या रात्री रूम घ्या, फळी कुठे पळून जात नाही.

पहाटे साडेपाचला बबल शीट बाजूला केली की तळ्यावर धुकं असतं आणि चहा अजून व्हायचा असतो. रतनवाडीत असाल तर अमृतेश्वराचं देऊळ चालत पाच-दहा मिनिटांवर. त्या कोरीव दगडांवर पहिलं ऊन येतं तेव्हा हॉटेलवाली मंडळी अजून शेंडीत नाश्त्याची वाट बघत असतात. तासाभराने त्यांच्या गाड्या येतात, देवळासमोर हॉर्न सुरू होतात. तोवर तुमचं दर्शन झालेलं, पाय पुष्करणीच्या पायऱ्यांवर पसरलेले आणि मावशींनी दुसऱ्यांदा विचारलेलं, ‘अजून चहा टाकू का?’