कृष्णेचा वाटा

आमचे बालपण वाईच्या घाटावर गेले. त्यामुळे चेन्नईस बदली होऊन आल्यावर, येथील पूंडी जलाशयात कृष्णेचे पाणी येते असे कळताच आम्हांस परमुलूख एकदम आपलासा वाटू लागला. मनुष्यास असे वाटू लागले की तो हमखास चार शब्द जास्त बोलतो. आमचेही तेच झाले.

हकीकत खरी आहे. १९७६ साली महाराष्ट्र, कर्नाटक व आंध्र प्रदेश यांनी या शहराची तहान भागविण्यासाठी आपापल्या वाट्यातून प्रत्येकी ५ अब्ज घनफूट पाणी देण्याचे मान्य केले. पुढे १९८३ साली आंध्र व तमिळनाडू यांच्यात करार झाला. वाटेतली घट वजा जाता १२ अब्ज घनफूट सीमेवर पोचवावयाचे ठरले. श्रीशैलम्, सोमशिला, कंडलेरू असा प्रवास करून ते पाणी १९९६ साली पूंडीस आले. ठरलेले माप मात्र पुष्कळ वर्षी भरले नाही. वाटेत रायलसीमेची शेतेही तहानलेलीच आहेत. बोल कोणाला लावावा?

२०१९ च्या उन्हाळ्यात शहराचे प्रमुख जलाशय आटले. आमच्या इमारतीत दिवसाआड टँकर येई आणि घरटी सहा घागरी असा ठराव झाला होता. एके सकाळी आम्ही सातवी घागर नळीखाली धरली. तळमजल्यावरील वृद्ध मामींनी हटकले. आम्ही हसून म्हणालो, "मामी, तुमच्या शहराला आमच्या महाराष्ट्राने पाणी दिले आहे. एका घागरीचा काय हिशेब?"

मामी शांतपणे म्हणाल्या, "सार, हे पाणी नदीचे नाही. शहराबाहेरच्या कुठल्या तरी खेड्यातल्या विहिरीचे आहे. तिथल्या बायकांना कोणी विचारले होते का?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. सातवी घागर आम्ही मामींच्याच पिंपात रिकामी केली, पण मन हलके झाले नाही. आमची आत्या माण तालुक्यात नांदली. तिच्या दारी कृष्णा कधी आली नाही. टँकर मात्र येत राहिले. महाराष्ट्राने दिलेल्या पाच अब्जांत तिच्या ओंजळीचाही अंश होता, आणि त्या दानाचा मोठेपणा मिरवीत होतो आम्ही!

त्याच जुलैत जोलारपेट्टैहून चेन्नईस पाण्याची आगगाडी आली. २०१६ साली मिरजेहून लातुरास अशीच गाडी गेली होती, तेव्हा कृष्णाकाठच्या लोकांनी केले ते आम्ही वर्तमानपत्रात वाचून अभिमानाने कापून ठेवले होते. आता पाणी घेणाऱ्यांच्या रांगेत आम्ही होतो.

पुढे पाऊस झाला, टँकर थांबले. घागरींच्या हिशेबाची वही मामींनी अजून जपली आहे. आमच्या नावापुढे एका दिवशी सातचा आकडा आहे. तो खोडावा असे आम्ही त्यांना कधी सुचविले नाही.